काशाची थाळी

नातसून रुद्राणी पार अरुणाचलात, फौजेच्या क्वार्टरमध्ये बाळंत होत होती. बर्फाने रस्ता बंद होता आणि माझा नातू केदारनाथ वरच्या चौकीवर होता. तिच्याजवळ फौजेची एक नर्स आणि शेजारच्या जवानाची पंजाबी बायको, एवढ्या दोघीच. त्या पंजाबणीने फोन लावून उशाशी ठेवला होता. इकडे उमापुरात मी आणि सून शिवगंगा फोनला कान लावून बसलो होतो. माझ्या वेळी नवरा सीमेवर होता. लेक झाल्याचं पत्र त्याला दीड महिन्याने पोचलं. "लड़का हुआ, माँजी!" पंजाबण ओरडली आणि पुढे काहीच ऐकू येईना. मग तीच हळू आवाजात म्हणाली, नर्स बाळाची पाठ चोळतेय. "आत्याबाई, लेकरू रडंना कावून?" असं मला विचारताना शिवगंगा पांढरीफटक पडली. आमच्याकडे बाळ रडलं नाही तर त्याच्या कानाशी काशाची थाळी वाजवतात. तिथं कोण वाजवणार? मी फडताळातली थाळी काढली, फोनसमोर धरली आणि लाटण्याने बडवायला लागले. हात भरून आले तरी थांबले नाही. "आलं का गं काही ऐकू?" "न्हाई, आत्याबाई. अजून जोरात वाजवा!" मी सगळा जीव लावून बडवली. शेवटी पंजाबणीचा आवाज त्या दणदणाटावर चढला, "माँजी, थाली बंद करो! बच्चा कब का रो रहा है, आपको सुनाई कैसे देगा?"