कोमट पाणी

घरात काहीतरी सडत होतं आणि ते बायकोचंच पाऊल आहे, याबद्दल बूटवाल्याला तिळमात्र शंका नव्हती.

तीस वर्षं दुकानात लोकांच्या पायांत बूट चढवून त्याला पायांची शिसारी बसली होती. घामट मोजे, काळी नखं, भेगाळलेल्या टाचा. शी! स्वतःचे पायसुद्धा तो कधी न्याहाळत नसे.

पण बायकोला मधुमेह. त्याच दुखण्यात तिच्या आईचा पाय गुडघ्यातून गेलेला. रोज पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, आरशात तळवे बघा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिला वाकता येत नव्हतं. मग ‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी’ असं पुटपुटत तोच रोज सकाळी तिच्यापुढे टब घेऊन बसे. त्या पाण्यात हात बुडवायची किळस, म्हणून स्वतःच्या डाव्या पायाचा अंगठा बुडवून बघे.

“कोमट आहे.”

ती पाय टाकताच झटकन वर घेई. नाटकं नुसती, तो म्हणे.

तळवे स्वच्छ दिसत. वास मात्र वाढतच चालला, मेलेल्या उंदरासारखा. फरशीवर पिवळट, चिकट डाग पडू लागले. ते पुसताना त्याला उमासे येत. आतूनच सडतंय, असं त्यानं ठरवून टाकलं. आणि एका सकाळी ओकारी आवरत तो तिला म्हणाला, “चल. पाय जायच्या आत दाखवू.”

दवाखान्यातही वास सोबत आला. नर्सनं नाकाला रुमाल लावला. बूटवाल्याला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी बायकोचे पाय बोटाबोटानं तपासले. मऊ दोरा टेकवला तिथं तिथं तिला कळला.

“पाय सडलेले नाहीत, संवेदनाही शाबूत आहे. काळजी कोण घेतं?”

“मीच,” बूटवाला म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला.

“पण घोट्यापर्यंत भाजलंय कशानं?”

“कढत पाण्यानं,” बायको म्हणाली.

“काहीतरीच! मी रोज अंगठा बुडवून बघतो. कोमटच असतं.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. नर्स खाली बघत होती. फरशीवरचे पिवळट डाग दारापासून निघून, बायकोची खुर्ची ओलांडून, बूटवाल्याच्या डाव्या चपलेपाशी येऊन थांबले होते.