जोडीचा फोटो

भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या प्रवीणचा एक शिरस्ता होता. कोणत्याही शहरात फिरायला गेलं, की बायको रीताच्या हाती चिंचेनं लखलखीत घासलेला लोटा द्यायचा आणि फोटो काढायचा. लोट्यात तो स्वतःही उमटायचा, म्हणजे जोडीचा फोटो. सेल्फीवाल्यांना तो हसायचा.

आज दुकानात त्यानं ते फोटो मोठे करून पाहिले. जयपूरच्या फोटोत, लोट्यातल्या त्याच्या मागे, दूर, एक बाई उभी होती. इंदूरला ती जवळ आली होती, हैदराबादला थेट खांद्याशी.

"लोट्यालेच पोचा असंल," म्हणत त्यानं दुकानातच असलेल्या रीताला तोच लोटा धरायला लावला. मागे कुणी उभंच राहू नये म्हणून पाठ भिंतीला टेकवली आणि मोबाईल उचलला.

रीता त्याच्या खांद्याकडे पाहत शांतपणे म्हणाली, "जरा पुढं सरका न. तिले जागा पुरून नाही राहिली."