टायरवाल्याची हवा

दोरीला एक हिसका बसला नाही, हिसक्यांवर हिसके बसले. धुरपताच्या कंबरेत दोरी कचकन रुतली आणि ती विहिरीच्या काठाकडे ओढली गेली.

एक हिसका म्हणजे मी ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सैल सोड. सारखे हिसके म्हणजे ओढ, बाकी काही विचारू नको. नवरा, प्रेमदास, पाण्यात उतरला की दोरीचं एक टोक त्याच्या कंबरेला आणि दुसरं तिच्या, असा त्यांचा नियम होता. हात चुकते, कंबर नाई चुकत, असं धुरपता म्हणायची.

"रूपराव, ओढा लवकर."

विहिरीचे मालक भैय्याजी काठावरच उभे होते. त्यांचा गडी रूपराव धावला. दोघांनी चाकावरून दोरी ओढायला घेतली. थोडी आली आणि अडकली. विहिरीत सात पुरुष खोल पाणी होतं. खालचं मचाण मोडून भैय्याजींची पाच हॉर्सपॉवरची मोटर तळाला जाऊन बसली होती आणि तिला साखळी बांधायला प्रेमदास उतरला होता. मोटरची वायर त्याच्या पायात अडकली असणार, हे धुरपताला वरूनच कळलं. तरी ती फार घाबरली नाही. पाठीवरची हवेची मोठी बाटली संपली तर छातीवर छोटी होती. वायर सोडवून वर येण्याइतकी हवा तिच्यात मावायची. छोटी बाटली असते ती त्याचसाठी.

मग हिसके थांबले.

दोघांनी काठावर पाय रोवून जीव खाऊन दोरी खेचली. खाली काहीतरी सुटलं. प्रेमदास वर आला तो मान टाकूनच. नाकातून रक्त, घोट्याची कातडी सोलून लोंबलेली, वायर उपसून उपसून बोटं फाटलेली. त्यांनी त्याला पालथा घातला. धुरपताने पाठीवर गुद्दे घातले. पाणी पडलं, मग लालसर पाणी पडलं. एक श्वास घरघरला. दुसऱ्याची वाट बघावी लागली. डोळे काही उघडले नाहीत. दोघांच्या कंबरेची दोरी सोडायचं कुणाला सुचलंच नाही.

तिने त्याच्या छातीवरची छोटी बाटली ओढून काढली आणि चावी फिरवली. फुस्स नाही की काही नाही.

सकाळी तर हवा होती. उतरण्याआधी प्रेमदास दोन्ही बाटल्यांची चावी किंचित फिरवून हवा गालावर घ्यायचा. आज दोन्ही बाटल्या फुसकारल्या होत्या, तिने स्वतः ऐकलं होतं.

"भैय्याजी, हे छोटी भरून आणली होती ना तुमी?"

ज्याचं काम, त्याने बाटल्या भरून आणायच्या, ही प्रेमदासची रीत. भैय्याजींचं वडनेरात किराण्याचं दुकान. मालासाठी त्यांचं नागपूरला जाणं होतंच.

"आणली ना," भैय्याजी म्हणाले. आवाजात चोरी नव्हती, उलट थोडी ऐटच होती. "मोठी नागपुरातच भरली. पण तो गॅसवाला या एवढ्याशा बाटलीचेबी मोठीइतकेच पैसे मांगून राह्यला होता. लूट हाय साऱ्यायची. मंग येता येता हिंगणघाटले ट्रकच्या टायरवाल्याकडून भरली. त्यानं नळी आवळून चांगली कडक भरून देल्ली. चहावर काम झालं. हवा ते हवाच ना, बाई."

टायरवाल्याची हवा कमी दाबाची, गालाला फुसकारा देण्यापुरती असते. सात पुरुष पाण्याखाली ती दोन-चार श्वासांत संपते. ते दोन-चार श्वास घेऊन प्रेमदास वायर उपसत राहिला होता.

भैय्याजींनी विहिरीत वाकून पाहिलं. "साखळी बांधली होती काय त्यानं?"

तिने त्यांची मान मागून धरली. बैलांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद चार पावलांवर होता. तिथवर तिने त्यांना फरफटत नेलं आणि तोंड पाण्यात घातलं. जाताना कपाळ आणि जबडा हौदाच्या काठावर आपटला. पाणी लाल झालं. भैय्याजींचे हात सिमेंटवर थापा मारत होते, धोतर सुटून पायात आलं होतं. धुरपताने त्यांच्या पाठीवर गुडघा रोवला.

मग केस धरून तिने त्यांना वर काढलं. भैय्याजींनी तोंड उघडून अर्धा श्वास घेतला. एक दात ओठावरून घरंगळून हौदात पडला.

"एवढीच होती त्या बाटलीत," ती म्हणाली आणि पुन्हा दाबलं.

आता ती वर काढेना. पाण्यात बुडबुडे आले, मग बारीक बुडबुडे आले.

"धुरपताबाई, मरतीन ते," रूपराव म्हणाला. पण तो जागचा हलला नाही. थापा मारणारे हात ढिले पडले. धुरपताच्या मनात एवढंच होतं की आज दोघं जातील, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

तेवढ्यात तिच्या कंबरेला हिसका बसला. एकच.

तिने मागे पाहिलं. प्रेमदास तसाच पालथा पडला होता. डोळे मिटलेलेच. फाटलेल्या बोटांत दोरी धरलेली होती.

धुरपताने भैय्याजींना हौदाबाहेर ओढून मातीत टाकलं. ते उताणे पडले. रक्ताने भरलेलं तोंड वासून ते हवा ओढू लागले, थांबेचनात.

"घ्या, भैय्याजी," ती म्हणाली. "हिचे कोणी पैसे नाई मांगत."