सिमेंटची पानं

सकाळी पावणेदहाला वाचनालयाच्या कमानीवरून सिमेंटचं एक पान निखळून खाली पडलं. परांचीवर उभ्या असलेल्या कारागीर बाईने ते छिन्नी लावून पाडलं होतं.

कमानीवरची द्राक्षवेल शंभर वर्षांपूर्वी चुन्यात घडवलेली. वाऱ्यापावसाने झिजलेली तिची बारा पानं तीस वर्षांपूर्वी बाईच्या वडिलांनी सिमेंटने भरून काढली. त्या एका कामावर त्यांचं नाव झालं.

"तुला वेल धुऊन रंगवायला बोलावलंय," खालून इंजिनिअर म्हणाले. "तीस वर्षांत सिमेंटला साधी चीर नाही."

"सिमेंटला नाही. मागे बघा." तिने उघड्या जागेवर बोट टेकवलं. चुना पिठासारखा गळला. वरून मुरलेलं पाणी सिमेंट बाहेर पडू देत नव्हतं. ओल आणि क्षार आतल्या आत चुना खात होते. बाकीच्या पानांमागे तो अजून थोडा तग धरून होता. वरून रंगाचा थर बसला, की तोही जाणार होता.

इंजिनिअरनी तिच्या वडिलांनाच बोलावून घेतलं.

"आता बघा गंमत," मुकादम म्हणाला. "आपलेच दात, आपलेच ओठ."

साडेअकराला वडील आले. वय चौऱ्याहत्तर. दोनदा थांबून शिडी चढले.

"बाबा, मी सांगणारच होते."

"कधी? पाडून झाल्यावर?"

त्यांनी अकराही पानांवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. प्रत्येक वेळी कान भिंतीला लावला. रिकाम्या डब्यासारखा आवाज येत होता.

"काका, काम पक्कं आहे ना? सांगा पोरीला," इंजिनिअर म्हणाले.

"पक्कं आहे. तेच चुकलं."

"मग तुमचं काम सदोष होतं, असं मला कागदावर लिहावं लागेल."

"लिहा. आडनावासकट लिहा." ते मुलीकडे वळले. "बारीक छिन्नी दे. असे घाव घातलेस तर मागचा चुना राहील का?"

दुपारी साडेतीनला इंजिनिअरनी काम थांबवण्याची नोटीस काढली, बापलेक दोघांच्या नावे, आणि ती त्यांना द्यायला मुकादमाकडे दिली. सहा वाजता कमानीवर सिमेंटची पाच पानं उरली होती आणि नोटीस अजून मुकादमाच्या हातात होती.