तळटीप

एखाद्या देशावर आर्थिक निर्बंध लादले की तिथल्या हुकूमशहाच्या केसालाही धक्का लागत नाही, औषधावाचून तडफडतात ती साधी माणसं, हे टोरांटोच्या प्राध्यापक लॉर्ना पेत्रुशॅक जन्मभर घसा कोरडा पडेपर्यंत सांगत आल्या. वरच्या कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

निवृत्तीचा केक कापताना जुना विद्यार्थी ग्रॅहम भेटला. तो आता निर्बंध ठरवणाऱ्या समितीवर होता.

"मॅडम, तुमचं निर्बंधांवरचं पुस्तक आम्ही सगळ्यांनी वाचलं."

बाईंचे डोळे भरून आले. "मग निर्बंध उठवताय?"

"छे हो! कोणतं औषध अडवलं की लोक लवकर टेकीला येतात, ते आम्हाला तुमच्यामुळेच कळलं."

ग्रॅहमने आवर्जून सांगितलं,

 

"आणि आदेशाच्या तळटिपेत तुमचं नाव दिलंय हं. दुसऱ्याचं ढापायचं नाही, ही तुमचीच शिकवण!"