शेवाळाचा हार

पूर्णिमानं लेकाला पाटावर बसवलं आणि खोलीतल्या बायका "अगंबाई, किती गोड दिसून राहिला!" म्हणत पुढे सरकल्या. शारदा तेवढी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. पोराची सख्खी आजी ती, आईची आई, पण आज तिला पाटाजवळ जायचंच नव्हतं.

पियुषचं पहिलं बोरन्हाण होतं, त्यासाठी पूर्णिमा आदल्या दिवशीच माहेरी येऊन राहिली होती. अंगात काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा नारिंगी मुकुट, गळ्यात हलव्याचाच निळाशार हार, मुठीत निळी बासरी. रायपूरच्या जुन्या वस्तीत, ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी घरांत हलव्याचे दागिने म्हटले की शारदाच. आणि तिच्याच नातवाच्या अंगावर दागिने कोणाचे? तर धाकट्या जावेच्या, मीराच्या नव्या सुनेचे. त्या देवश्रीचे!

"आई, दागिने देवश्री करून राहिली," पूर्णिमानं फोनवर सांगितलं होतं. "तू लुटायचा हलवा कर नं."

लुटायचा! म्हणजे बोरं, मुरमुरे, उसाच्या तुकड्यांत मिसळून पोट्ट्यांच्या पायाखाली जायचा तो. शारदाला ते फार लागलं. तरी तिनं मंद आचेवर परात ठेवून, खरबुजाच्या बियांवर चमचा चमचा पाक सोडत, बोटं पोळून घेत हलवा केला. काटा असा पांढराशुभ्र फुलला की तिचं तिलाच कौतुक वाटलं. आणि आज सकाळी पाहते तर डबा अर्धा! मीरानंच येता-जाता फस्त केला असणार, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. त्या निळ्या दागिन्यांकडे मात्र तिनं धड पाहिलंही नाही.

"पण हा रंग पोटात गेला तर चालते का वं?" शेजारच्या भीमाबाईंनी विचारलं.

देवश्री नव्या रायपुरातल्या रंगाच्या कंपनीत कामाला होती. मराठी तिला सगळं समजायचं, बोलायची हिंदीत. "हाँ काकी, खाने का ही है. समुंदर की काई से निकालते हैं. आइस्क्रीमवाले ले जाते हैं, टॉफीवाले, लिपस्टिकवाले भी. नीला बॉडी के लिए अच्छा बोलते हैं, और मुकुट का ऑरेंज आँखों के लिए."

"पाहा बाप्पा!" भीमाबाई म्हणाल्या. "रंगाचा रंग अन् औषधाचं औषध."

मीराची मान अशी काही ताठ झाली की शारदाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काईच नं? म्हणजे शेवाळ!" शारदा दारातून म्हणाली. "बुढ्या तलावात गाडीभर पडली आहे. समुद्रात काहून जा लागते?"

सगळ्या हसल्या. देवश्रीही हसली, अगदी मनापासून, आणि तेच शारदाला जास्त झोंबलं. नातवाचा सण आहे, आनंद मान, असं ती स्वतःला बजावत होती, पण जीव ऐकेल तर ना. रंग उतरू दे रे देवा, तिनं मनातल्या मनात हात जोडले. सगळ्यांसमोर उतरू दे.

पूर्णिमानं सूप उपडं केलं. बोरं, मुरमुरे, ऊस, हलवा सगळं पियुषच्या डोक्यावरून घरंगळलं, आणि लेकरं एकच गिल्ला करत तुटून पडली. त्या गोंधळात पियुष आधी घाबरला, मग त्यानं हार ओढून सरळ तोंडात कोंबला. गोड लागला असावा. तो चोखतच बसला, आणि बघता बघता ओठ निळे, हनुवटी निळी, दोन्ही मुठी निळ्या.

"सुटला रंग!" शारदा ओरडली. "पाह्य वं पूर्णिमा, पोट्ट्याचं थोबाड पाह्य!"

आता ती तरातरा पाटापाशी आली. तोंडावर लपत नव्हता इतका आनंद झाला होता तिला. तिनं नातवाच्या तोंडातून हार ओढून काढला, सगळ्यांना दाखवायला वर धरला, आणि तशीच थांबली.

चोखलेले दाणे पांढरेशुभ्र निघाले होते. लांबट, चहूबाजूंनी काटा फुललेले. बाकीच्या बायका हलवा तिळावर करायच्या. खरबुजाच्या बीवर करणारी अख्ख्या ब्राह्मणपाऱ्यात एकच होती.

तिनं देवश्रीकडे पाहिलं. देवश्रीचा चेहरा पडला.

"बडी मम्मी, वो..." ती जवळ येऊन कुजबुजली. "आँच पर ये नीला टिकता ही नहीं. कितनी बार किया, मटमैला हो जाता है. तो पूर्णिमा दीदी ने आपके डिब्बे से दे दिया. मैंने बस ऊपर से ठंडा रंग लगाया."

पूर्णिमा खाली वाकून बोरं गोळा करायला लागली. एवढी काही बोरं तिथं उरली नव्हती.

पोरांच्या कालव्यात बाकी कोणाला काही ऐकू गेलं नाही. भीमाबाई ओला रुमाल घेऊन आल्या. "काढा तो हार, शारदाबाई. तोंड पुसून देते त्याचं."

शारदानं त्यांचा हात बाजूला केला. पाटाजवळ मांडी घालून बसली. हाराची अजून निळी असलेली बाजू तिनं फिरवून पुढे आणली, आणि नातवाच्या तोंडापाशी धरली.

"राहू द्या," ती म्हणाली. "चाटू द्या त्याले सगळा. बॉडीले चांगला असते म्हणते."