वीस तसबिरी

नगरच्या प्रदर्शनात पाच चित्रकारांनी आपापल्या घरातला वारसा मांडला होता. त्यांतल्या अपूर्वाने वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, रंगवलेल्या वीस तसबिरी पारनेरच्या घराघरांतून मागून आणल्या होत्या. कुणी गेलं की लोक ओळखपत्रावरचा फोटो घेऊन अण्णांकडे यायचे. त्यात डोळे म्हणजे नुसते दोन ठिपके. तरी दहाव्याच्या आत अण्णा तसबीर हातात ठेवायचे. आईची मात्र एकही नाही. ती गेली तेव्हा अपूर्वा पाळण्यात होती. घरात फोटोही नव्हता. आईची तसबीर न काढल्याबद्दल अपूर्वाने अण्णांना शेवटपर्यंत माफ केलं नाही.

आत्या आली आणि ओळीने टांगलेल्या तसबिरी एकेक करून बघत गेली, मग परत पहिलीपाशी आली.

"काय झालं, आत्या?"

"अण्णानं समद्यांना डोळे तुझ्या आईचे काढल्यात."

अपूर्वाने वर पाहिलं. वीसच्या वीस माणसं तिच्याकडेच बघत होती.